‘रिलॅक्स’ म्हटलं आणि समोरचा भडकला

माझा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. गिऱ्हाईक अमेरिकेतलं, म्हणजे त्याची संध्याकाळ ती तिकडची सकाळ. मध्यंतरी एकदा काहीतरी बंद पडलं आणि कॉलवर पलीकडच्या माणसाचा आवाज चढला. भाच्याला वाटलं, याला जरा धीर द्यावा. म्हणून तो म्हणाला, ‘रिलॅक्स, वी आर वर्किंग ऑन इट.’ पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग अगदी मोजूनमापून उत्तर आलं, ‘प्लीज डोन्ट टेल मी टु रिलॅक्स.’ त्यानंतरचा अर्धा तास दुरुस्ती कमी आणि सारवासारव जास्त.

रात्री मला फोन. मी ३० वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे घरातल्या सगळ्या इंग्रजी अपघातांचा पंचनामा माझ्याकडे येतो. ‘मावशी, यात वाईट काय बोललो मी? रिलॅक्स म्हणजे काळजी करू नका, एवढंच ना?’

मी विचारलं, ‘मराठीत काय म्हणाला असतास?’ तो म्हणाला, ‘काळजी करू नका हो, होतंय.’

घोळ कुठे झाला ते इथेच दिसतं. ‘नका’मध्ये आदर आहे, ‘हो’मध्ये आर्जव आहे आणि ‘होतंय’मध्ये भरवसा आहे. त्याच्या डोक्यात हे तिन्ही होते. तोंडातून निघाला तो मात्र एकच शब्द, आणि तो निव्वळ आज्ञार्थी. मराठी बोलणाऱ्याच्या कानाला ‘रिलॅक्स’ मऊ लागतो, कारण आपण तो मराठी वाक्यात मिसळून वापरतो: ‘जरा रिलॅक्स व्हा की’. त्यातला ‘जरा’, ‘व्हा’ आणि ‘की’ काढून घ्या, मग उरतं ते इंग्रजी माणसाला ऐकू येतं.

इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेद राहिलेला नाही. आपण ‘शांत हो’ आणि ‘शांत व्हा’ यांत क्रियापदाच्या शेपटीवर जे काम भागवतो, ते इंग्रजी माणसाला शब्दांची निवड करून भागवावं लागतं. म्हणून त्यांच्याकडे समोरच्याला निवांत करायला डझनभर तरी बोली प्रयोग आहेत: काम डाउन, रिलॅक्स, चिल, टेक इट ईझी, लाइटन अप, सेटल डाउन, सिमर डाउन, होल्ड युवर हॉर्सेस आणि अजून बरेच. शब्दकोशात पाहिलंत तर बहुतेकांपुढे अर्थ साधारण सारखाच दिसेल. वापरात मात्र यांतले दोन प्रयोग एकमेकांच्या जागी ठेवले की वाक्य तिरकं होतं.

मी वर्गात हे वैद्याच्या भाषेत सांगायचे. प्रत्येक प्रयोग हे औषध दिसतं, पण त्याच्या पोटात निदान असतं. ‘हो रे, समजलं, पण तुझं अमुक जरा जास्त होतंय’ असं तो गुपचूप सांगतो. राग जास्त होतोय, घाई जास्त होतेय, काळजी जास्त होतेय, काम जास्त होतंय, गंभीरपणा जास्त होतोय की आवाज जास्त होतोय, हे प्रत्येक प्रयोगात वेगळं असतं. भाच्याच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं की माझं नुकसान होतंय. भाच्याच्या शब्दानं निदान केलं की तुमचा ताण गरजेपेक्षा जास्त आहे. निदान चुकलं की रोगी चिडणारच.

यातला सगळ्यात बदनाम प्रयोग ‘काम डाउन’. (देवनागरीत लिहिला की ‘काम बंद’ असा वाचला जातो, आणि सर्व्हर पडलेला असताना तोही अर्थ चुकीचा नसतो.) हा ‘काम’, म्हणजे शांत, मुळात हवेबद्दलचा आणि समुद्राबद्दलचा शब्द. त्याचं मूळ ग्रीक ‘कौमा’पर्यंत जातं आणि त्याचा अर्थ चक्क उष्णता, दिवसाचा ताप. भर दुपारी ऊन तापतं, वारा पडतो, माणसं-जनावरं सावलीला बसतात, सगळं थांबतं. त्या तापलेल्या शांततेतून हा शब्द आला. आपला ‘निवांत’ही संस्कृतातल्या ‘निवात’चा, म्हणजे वारा नसलेल्या जागेचा नातलग. शांतपणा म्हणजे वारा पडणं, हे दोन्ही भाषांना सुचलं याची मला गंमत वाटते.

पण पुढे ‘डाउन’ जोडला की चित्र बदलतं. वादळ खाली बसव, असं ते म्हणणं. म्हणजे समोरच्याला तुम्ही आधी वादळ ठरवलंत. ब्रिटनच्या संसदेत २७ एप्रिल २०११ रोजी नेमकं हे घडलं. प्रश्नोत्तरांच्या तासाला मजूर पक्षाच्या अँजेला ईगल मध्येच बोलत होत्या, तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन त्यांना म्हणाले, ‘काम डाउन, डिअर.’ सभागृहात गदारोळ झाला. कॅमेरॉन यांच्या बाजूनं सांगण्यात आलं की तो विनोद होता. दिग्दर्शक मायकेल विनर यांनी एका विमा कंपनीच्या जाहिरातीत ते वाक्य लोकप्रिय केलं होतं आणि पंतप्रधानांनी त्याचीच नक्कल केली होती. खुलासा खराच होता, तरी उपयोग झाला नाही. पुढे त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ‘काम डाउन’ म्हणजे तुझा मुद्दा राहू दे, तुझा आवाज आवर. त्यात ‘डिअर’ म्हणजे वरून डोक्यावर टपली. ‘अगं बाई, चिडू नकोस’ असं आपल्या विधानसभेत कुणी एखाद्या आमदार बाईंना म्हणून पाहावं, मग कळेल.

अमेरिकेत जॉर्ज थॉम्प्सन नावाचे गृहस्थ आधी इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि नंतर पोलिसात गेले. भडकलेल्या माणसाशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण त्यांनी पोलिसांना दिलं. कुणालाही कधीच म्हणू नयेत अशा वाक्यांची त्यांची एक यादी होती आणि त्यात ‘काम डाउन’ होतं. कारण साधं आहे. हुकूम दिला की माणूस आधी हुकमाशी भांडतो, मूळ दुखणं बाजूलाच राहतं. त्यापेक्षा काय झालं ते विचारा, असं ते शिकवत.

आता एक बारकावा, जो पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. हा प्रयोग वाईट नाही, त्याचा आज्ञार्थ वाईट आहे. ‘आय नीड टु काम डाउन’ हे स्वतःबद्दल बोललात तर समजूतदारपणा. ‘गिव्ह हर अ मिनिट टु काम डाउन’ हे तिसऱ्याबद्दल बोललात तर सहानुभूती. ‘लेट्स ऑल काम डाउन’ म्हटलंत तर तुम्ही स्वतःलाही त्यात धरलंत, म्हणून निम्मा दंश गेला. रडणाऱ्या पोराला कुशीत घेऊन हळू आवाजात म्हणालात तर काहीच बिघडत नाही. समोरासमोर, बरोबरीच्या मोठ्या माणसाला आज्ञा म्हणून दिला, तेवढा एकच प्रसंग घातक. नेमका तोच आपल्याला सगळ्यात जास्त वेळा सुचतो.

‘काम डाउन’ आणि ‘कीप काम’ यांतही असाच फरक आहे आणि तो मराठीत लगेच कळतो: ‘शांत हो’ आणि ‘शांत राहा’. ‘राहा’ म्हणताना तुम्ही आत्ता शांत आहात हे मी मान्य केलेलं असतं. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे लाल भिंतीपत्रक सगळ्यांनी मगावर, टीशर्टवर पाहिलं असेल. ब्रिटिश सरकारनं ते १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, सुमारे साडेचोवीस लाख प्रतींत छापलं आणि मोठ्या हल्ल्यानंतर लावायचं म्हणून राखून ठेवलं. ते जवळपास लागलंच नाही, बहुतेक प्रती रद्दीत गेल्या. २००० मध्ये इंग्लंडातल्या अ‍ॅनिक गावातल्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी एक प्रत निघाली आणि मग ते जगभर गेलं. याच मालिकेतलं दुसरं पत्रक मात्र तेव्हा लागलं होतं. तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आम्हांला विजय मिळवून देईल, अशा आशयाचं. लोकांना ते झोंबलं. धैर्य ‘तुमचं’ आणि विजय ‘आम्हांला’? एका सर्वनामानं सरकार उपदेशकाच्या जागी जाऊन बसलं. धीर देणाऱ्या वाक्यात तुम्ही कुठे उभे आहात हे लोक आधी पाहतात, धीर नंतर घेतात.

भाच्याचा ‘रिलॅक्स’ही याच कसोटीला लावून पाहू. मूळ लॅटिन, अर्थ सैल सोडणं. आधी तो दोर, स्नायू, नियम यांच्याबद्दलच बोलला जायचा. माणसानं ‘रिलॅक्स होणं’ हा आजचा सर्रास वापर विसाव्या शतकातला. म्हणजे हा शब्द ज्याचं निदान करतो ते राग नव्हे, ताण. काळजीनं आखडलेल्या माणसाला तो चालतो, चिडलेल्याला चालत नाही. दातांचे डॉक्टर ‘रिलॅक्स युवर जॉ’ म्हणतात तेव्हा कुणाला राग येत नाही. हिशेबात चूक सापडलेल्या माणसाला तेच म्हणा, येईल.

तरी जाहीरपणे ‘रिलॅक्स’ म्हणून निभावून नेल्याचं एक उदाहरण फार नामी आहे. २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकी फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघानं पहिल्या तीनपैकी दोन सामने गमावले. चाहते हवालदिल. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल खेळवणारा मुख्य खेळाडू, अ‍ॅरन रॉजर्स रेडिओवर आला आणि त्यानं या शब्दाची पाचही अक्षरं एकेक करून उच्चारली: आर, ई, एल, ए, एक्स. मोसम संपला तेव्हा संघानं १६ पैकी १२ सामने जिंकले होते. त्याला हे शोभलं, कारण चेंडू त्याच्या हातात होता. चाहत्यांची काळजी त्याच्या कामाबद्दल होती आणि तो म्हणत होता, ती माझ्यावर सोडा. ज्याच्या हातात गोष्ट आहे आणि जो ती निस्तरणार आहे, त्यानं ‘रिलॅक्स’ म्हणावं. माझ्या भाच्याच्या हातातही गोष्ट होती, पण गिऱ्हाइकाला ते अजून दिसायचं होतं. आणि तो त्यांचा रॉजर्स नव्हता, विक्रेता होता.

लिहिताना हा शब्द आणखी धोक्याचा. चॅटवर ‘रिलॅक्स’ लिहून पुढे पूर्णविराम दिला की तो दार आपटल्यासारखा वाचला जातो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटतं. आम्ही आयुष्यभर पोरांना पूर्णविराम द्यायला शिकवलं आणि आता तोच उद्धट ठरला.

‘चिल’कडे येते, कारण आपल्याकडची तरुण मंडळी हाच सगळ्यात जास्त वापरतात. शब्द जुना, थंडीचा. ‘शांत हो’ या अर्थानं तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून १९७० आणि १९८० च्या दशकांत वर आला आणि हिप-हॉपनं जगभर नेला. कल्पना आपल्या ओळखीची. डोकं तापतं, पारा चढतो, माणूस भडकतो, मग कुणीतरी म्हणतं ‘थंड घे भावा’. ‘थंड घे’ हा ‘चिल’चा मला माहीत असलेला सगळ्यात चपखल मराठी अवतार. दोन्ही मित्रानं मित्राला म्हणायचे. ‘थंड घे’ तुम्ही साहेबांना म्हणाल का? सासऱ्यांना? मग ‘चिल’ही म्हणू नका.

‘चिल’ आणि ‘चिल आउट’ यांत थोडं वयाचं अंतर आहे. आजचे विशीतले लोक नुसतं ‘चिल’ म्हणतात, चाळिशी-पन्नाशीतले ‘चिल आउट’. ‘टेक अ चिल पिल’ आता इतका १९८० च्या दशकातला वाटतो की गंमत म्हणूनच चालतो. शिवाय ‘चिल’ हळूहळू विशेषण झालाय. ‘ही इज चिल’ म्हणजे माणूस कटकट्या नाही, आणि ही शाबासकी आहे. तोच शब्द आज्ञा म्हणून दिला की टोमणा, आणि वर्णन म्हणून दिला की कौतुक. ‘चिल’ आणि ‘रिलॅक्स’ यांच्या संकरातून ‘चिलॅक्स’ही निघाला. योगायोग पाहा, त्याची चर्चाही पुन्हा कॅमेरॉन यांच्यापाशीच. हा माणूस चिलॅक्स करण्यात ऑलिम्पिक सुवर्ण मिळवेल, असं त्यांच्या एका सहकाऱ्याचं वाक्य २०१२ मध्ये बरंच गाजलं. पंतप्रधानाला ते अर्थातच अडचणीचं झालं.

मोठ्यानं लहानाला ‘चिल’ म्हटल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डिसेंबर २०१९ चं. टाइम साप्ताहिकानं स्वीडनमधल्या १६ वर्षांच्या हवामान-कार्यकर्त्या ग्रेटा थुनबर्गला त्या वर्षीची मानकरी व्यक्ती म्हणून निवडलं आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्वीट केलं की तिनं आपल्या रागाच्या समस्येवर काम करावं, मैत्रिणीबरोबर छानसा जुन्या धाटणीचा सिनेमा पाहावा. शेवटी ‘चिल ग्रेटा, चिल!’ तिनं वाद घातला नाही. स्वतःच्या ट्विटर खात्यावरच्या ओळखीत लिहून टाकलं की ही रागाच्या समस्येवर काम करणारी मुलगी असून सध्या मैत्रिणीबरोबर सिनेमा पाहत चिल करतेय. मग ११ महिने ती थांबली. नोव्हेंबर २०२० मध्ये मतमोजणी चालू असताना ट्रम्प यांनी ‘मोजणी थांबवा’ असं ट्वीट केलं, त्यावर तिनं त्यांचंच वाक्य नाव बदलून परत केलं: ‘चिल डोनाल्ड, चिल!’ या शब्दाला उत्तर देण्याचा याहून चांगला नमुना मला वर्गात कधी मिळाला नाही. चिडून उत्तर दिलं असतं तर निदान खरं ठरलं असतं.

आणि एक गोष्ट, साठी ओलांडलेल्या बाईनं सांगायची नाही, पण सांगणं भाग आहे. ‘नेटफ्लिक्स अँड चिल’ याचा अर्थ घरी बसून मालिका बघणं असा आता उरलेला नाही. साधारण २०१५ पासून तो शय्यासोबतीच्या आमंत्रणाचा झाकलेला शब्द झालाय. परदेशी सहकारी बाईंना शनिवारचा बेत सांगताना हे तीन शब्द या क्रमानं येऊ देऊ नका.

घोड्यांवरून आलेले प्रयोग मी एका झटक्यात सांगते, कारण ते वापरायला सोपे आहेत. ‘होल्ड युवर हॉर्सेस’, ‘ईझी’, ‘वो’, ब्रिटिशांचा ‘स्टेडी ऑन’. घोडा उधळतो तो बहुतेक घाईनं, म्हणून इथलं निदान घाईचं. ‘होल्ड युवर हॉर्सेस’ म्हणजे ‘अरे थांब, मला वाक्य तर पुरं करू दे’. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रुळलेला हा प्रयोग आता थोडा आजोबांच्या तोंडचा वाटतो आणि म्हणूनच कमी बोचतो. तो चिडलेल्याला म्हणायचा नसतो, आपलंच घोडं दामटणाऱ्याला म्हणायचा असतो. ‘स्टेडी ऑन’ मात्र घाईपेक्षा अतिशयोक्तीला लगाम घालतो. कुणी शेजारच्या पोराला कार्टं, नालायक, तुरुंगात जाणार असं म्हणू लागला की इंग्रज म्हणेल ‘स्टेडी ऑन’, आपण म्हणू ‘अहो अहो, एवढंही नको’.

कपड्यांवरून आलेले मात्र जपून. अमेरिकेत ‘कीप युवर शर्ट ऑन’, तर इंग्लंडात शर्टाऐवजी केस: ‘कीप युवर हेअर ऑन’. मारामारीला उतरताना माणूस सदरा काढतो, म्हणून तो अंगावरच ठेव, अशी पहिल्याची उपपत्ती सांगतात. केसांची उपपत्ती मला कुणी पटेल अशी सांगितलेली नाही. याच कुळातला तिसरा एक ब्रिटिश प्रयोग आहे ज्यात आतल्या कपड्यांना पीळ पडतो. तो ऐकून समजला तरी पुरे. बोलायचा मोह आवरा, विशेषतः कचेरीत आणि विशेषतः बायकांशी.

‘सेटल डाउन’ म्हटलं की माझ्या नाकात खडूचा वास येतो. हा मास्तरांचा प्रयोग. तास सुरू झाला, पोरं कलकलतायत, आणि टेबलाशी उभं राहून ‘सेटल डाउन, प्लीज’. निदान गोंगाटाचं. मोठ्या माणसाला म्हटलंत तर त्याला तुम्ही बाकावर बसवलंत. (आपल्याकडे ‘सेटल हो आता’ हे आई २८ वर्षांच्या मुलाला म्हणते तेव्हा गोंगाटाशी संबंध नसतो, लग्नाशी असतो. हा दुसरा अर्थ इंग्रजीतही आहे.) ‘सिमर डाउन’ स्वयंपाकघरातला. दूध उतू जाऊ लागलं की आच मंद करतो, तसं. हाही मोठ्यांनी पोरांना म्हणण्यातला.

‘लाइटन अप’चं निदान फार नाजूक: तू विनोद गंभीरपणे घेतोस. यासाठी मराठी जालावर आपण एक सुंदर सोय केली आहे, ‘ह. घ्या.’. हलके घ्या. इंग्रजीतल्या आणि आपल्या प्रयोगात फरक वेळेचा आहे. ‘ह. घ्या.’ आपण थट्टा करतानाच लिहितो, म्हणजे समोरचा दुखावण्याआधी. एक प्रकारे आधीच मागितलेली माफी. ‘लाइटन अप’ म्हटलं जातं ते समोरचा दुखावल्यानंतर, आणि तेव्हा ते असं ऐकू येतं की थट्टा माझी, पण दोष तुझा. एकच अर्थ, पण घटकेच्या अंतरानं गोड आणि कडू. तुमच्या विनोदावर कुणी हसलं नाही तर ‘सॉरी, बॅड जोक’ म्हणावं आणि पुढे जावं.

‘नो वरीज’ ऑस्ट्रेलियातला, तिकडे १९६० च्या दशकापासून रुळलेला, आणि आता सगळीकडे पोचलाय. तिथल्या लोकांचा ‘शील बी राइट’ही असाच, सगळं होईल ठीक म्हणणारा. गोव्यातल्या सुशेगाद वृत्तीचे हे चुलतभाऊ म्हणायचे. (सुशेगाद शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला आणि त्याचाही अर्थ शांतच.) ‘नो वरीज’ काळजीचं निदान करतो, पण एका खास काळजीचं: आपण समोरच्याला त्रास तर देत नाही ना, ही काळजी. गिऱ्हाईक म्हणालं, ‘सॉरी, सारखा विचारतोय’, तर ‘नो वरीज’ अगदी नेमकं. पण चूक तुमची असेल आणि तुम्हीच ‘नो वरीज’ म्हणालात तर ते, ज्यानं मोरी तुंबवली त्यानंच ‘हरकत नाही’ म्हणण्यासारखं. हरकत आहे की नाही हे ज्याची मोरी तुंबली तो ठरवेल. आपल्याकडची बरीच मुलं इथे घसरतात, कारण ‘टेन्शन घेऊ नका’ हे आपण कुणाच्याही चुकीवर, कुणालाही, अगदी मनापासून म्हणतो.

मग भाच्यानं काय म्हणायला हवं होतं? त्यानं तेच विचारलं. मी म्हटलं, चिडलेल्या माणसाला आज्ञा देऊच नकोस, माहिती दे. काय बंद आहे, कोण पाहतंय, पुढचा निरोप किती वाजता येईल. ‘आय नो धिस इज हर्टिंग यू. हिअर इज वेअर वी आर.’ आणि मग वेळ सांग, घड्याळातली. मराठीतला तुझा ‘होतंय’ हाच त्या वाक्यातला खरा धीर होता. तो इंग्रजीत न्यायचा, तर ‘रिलॅक्स’मध्ये मावत नाही, त्याला तपशील लागतो. जिथे गोष्ट घाईची आहे पण रागाची नाही, तिथे ‘टेक युवर टाइम’ किंवा ‘नो रश’ चालेल, फक्त आवाजात खोच नको. ‘या की सावकाश’ हे आपणही उशिरा आलेल्याला किती गोड आवाजात म्हणतो ते आठवा.

तो म्हणाला, ‘आणि कॉलच्या आधी माझेच हात कापत असतात त्याचं काय? मी स्वतःलाच काम डाउन म्हणत असतो.’ यावर एक छान प्रयोग झालेला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांपुढे गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. त्याआधी काहींनी स्वतःला ‘मी शांत आहे’ असं बजावायचं, काहींनी ‘मला हुरूप आलाय’ असं. हुरूपवाल्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडतं काळीज बळेच थांबवणं अवघड, पण त्याच धडधडीचं नाव बदलणं सोपं. म्हणजे ‘काम डाउन’ दुसऱ्याला लागू पडत नाही आणि स्वतःलाही विशेष नाही. बिचारा शब्द.

राहिला ‘टेक इट ईझी’. मला स्वतःला हा सगळ्यांत आवडतो, कारण तो मराठीत जवळजवळ जसाच्या तसा आहे: ‘दमानं घ्या’. कोल्हापूरकडचा एखादा बाप्या हे दोन शब्द ज्या सुरात म्हणतो त्या सुरातच ‘टेक इट ईझी’ म्हणायचा असतो. पण हा एक नव्हे, तिघं भाऊ आहेत. दुखण्यातून उठलेल्या माणसाला डॉक्टर ‘टेक इट ईझी फॉर अ फ्यू डेज’ म्हणतात तेव्हा अर्थ विश्रांती: जड उचलू नका, जिने चढू नका. भांडणात म्हटलं तर अर्थ, सबुरीनं. इथेही तो ‘काम डाउन’पेक्षा सौम्य पडतो, कारण ‘इट’ म्हणजे प्रसंग, तू नव्हेस. प्रसंग हलका घे, एवढंच. ‘गो ईझी ऑन हिम’ मात्र या तिघांतला नव्हे, ती दुसऱ्याच कुणाची तरी रदबदली: त्याच्यावर फार कडक होऊ नका.

तिसरा भाऊ कुणी शिकवतच नाही. त्या भानगडीनंतर दोन महिन्यांनी भाच्याचा पुन्हा फोन आला, रविवारी सकाळी. शुक्रवारी कॉल संपवताना तोच अमेरिकी गृहस्थ म्हणाला होता, ‘ऑल राइट, टेक इट ईझी.’ भाच्यानं शनिवार सगळा विचार करण्यात घालवला. मी फार ताणात दिसतो का? आवाज चढला होता का माझा? की आधीच्या ‘रिलॅक्स’ची परतफेड? त्यानं कॉलचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं होतं.

मी म्हटलं, ‘अरे, तो अच्छा म्हणाला. येतो म्हणाला. बाय म्हणाला तुला.’